आधी कोण चढणार? विमानातील प्रवेशक्रम आणि प्राधान्याचे अर्थकारण

मोपा असो वा दाबोळी, मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विमानाची घोषणा झाली की एक दृश्य हमखास दिसते. घोषणा पुरी होण्याआधीच निम्मे प्रवासी खुर्च्या सोडून दारासमोर उभे राहतात. प्रत्येकाच्या बोर्डिंग पासवर आसनक्रमांक छापलेला असतो आणि आधी चढणारा आधी पोहोचतो असेही नाही. तरीही रांग लागते, तिला फाटे फुटतात, आणि ज्यांना प्रथम बोलावले आहे त्यांना गर्दीतून 'जरा वाट द्या' म्हणत पुढे सरकावे लागते.

वारंवार विमानप्रवास करणाऱ्यांची या संदर्भातील तक्रार आता जुनी झाली आहे. वर्षानुवर्षे एकाच कंपनीने प्रवास करून, तिचे सदस्यत्व घेऊन, वरची श्रेणी मिळवूनही प्रत्यक्ष दारात त्या श्रेणीला अर्थ उरत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. दुसरीकडे सामान्य तिकिटावर प्रवास करणाऱ्याला प्रश्न पडतो की, आपल्याआधी एवढे 'मानकरी' आले तरी कोठून? या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. विमान लवकर भरावे म्हणून आखलेला प्रवेशक्रम कालांतराने विक्रीची वस्तू झाला. परिणामी त्यातून ना वेळ वाचतो, ना दिलेला शब्द पाळला जातो.

क्रम ठरतो कसा?

प्रत्येक कंपनीचा तपशील निराळा असला तरी सर्वसाधारण चौकट सारखीच आढळते. सर्वप्रथम चाकाच्या खुर्चीची वा अन्य साहाय्याची गरज असलेले प्रवासी आणि लहान मुलांसह प्रवास करणारी कुटुंबे. त्यानंतर प्रथम वा बिझनेस वर्गाचे प्रवासी. मग सदस्यत्व योजनेतील वरच्या श्रेणीचे, म्हणजे प्लॅटिनम, गोल्ड इत्यादी कार्डधारक. पुढे अतिरिक्त शुल्क भरून प्राधान्य विकत घेतलेले प्रवासी, काही देशांत विशिष्ट क्रेडिट कार्डधारक, आणि सर्वांत शेवटी आसनांच्या ओळींनुसार वा गटांनुसार उरलेले सर्व. अमेरिकेत सेवेत असलेल्या सैनिकांनाही अनेक कंपन्या आरंभीच्या गटात स्थान देतात.

यांपैकी साहाय्याची गरज असलेल्यांचा हक्क हा कंपनीच्या मर्जीचा भाग नाही. अपंग प्रवाशांना चढताना मदत मिळावी यासाठी भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, अर्थात डीजीसीएचे, नियम आहेत. अमेरिकेत अधिक वेळ लागणाऱ्या अपंग प्रवाशाने तशी मागणी केल्यास त्याला आधी चढू देणे कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. यादीतील बाकीचे क्रम मात्र बहुतांशी कंपन्यांच्या व्यापारी धोरणाने ठरतात.

निष्ठेचे मोल : १९८१ पासून आजपर्यंत

अमेरिकेत १९७८ मध्ये विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठली. भाडे आणि मार्ग ठरवण्याची मोकळीक मिळताच कंपन्यांत चढाओढ सुरू झाली आणि ग्राहक बांधून ठेवण्यासाठी नवी युक्ती शोधावी लागली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हांटेज' ही योजना सुरू केली. प्रवासाचे मैल खात्यात जमा करायचे आणि त्यांच्या बदल्यात मोफत तिकीट किंवा वरच्या वर्गातील आसन मिळवायचे, अशी तिची कल्पना. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना जाहीर केली आणि पाहता पाहता जगभरातील कंपन्यांनी तोच मार्ग धरला.

पुढे मैलांच्या जोडीला 'दर्जा' आला. वर्षभरात ठरावीक प्रवास केला की वेगळा काउंटर, विश्रामकक्ष, जादा सामान आणि आधी चढण्याची सवलत. आधी चढू देण्यास कंपनीला जवळपास काहीच खर्च येत नाही, म्हणून ही सवलत सढळ हाताने वाटली गेली. आरंभी असे प्रवासी मोजके होते. त्यांना पुढे पाठवल्याने इतरांचे फारसे बिघडत नसे आणि त्यांनाही मान मिळाल्यासारखे वाटे.

नंतर निष्ठा मोजण्याचे मापच बदलले. किती अंतर कापले यापेक्षा किती पैसे खर्च केले, याला महत्त्व आले. अमेरिकेतील डेल्टा कंपनीने २०२४ पासून श्रेणी ठरवण्यासाठी केवळ खर्च हाच निकष ठेवला. एअर इंडियानेही २०२४ मध्ये आपल्या 'फ्लाइंग रिटर्न्स' योजनेची फेररचना करून गुण खर्चाशी जोडले. हीच योजना पुढे 'महाराजा क्लब' या नावाने ओळखली जाऊ लागली. दीर्घकाळ अशा योजनेविना चाललेल्या इंडिगोनेही २०२४ मध्ये 'ब्लूचिप' ही योजना आणली.

अमेरिकेत याला आणखी एक पदर आहे. तेथील कंपन्या बँकांच्या साहाय्याने स्वतःच्या नावाची क्रेडिट कार्डे काढतात आणि त्यातून मिळणारे उत्पन्न अवाढव्य असते. अमेरिकन एक्स्प्रेसकडून डेल्टाला २०२३ या एका वर्षात सुमारे ६.८ अब्ज डॉलर मिळाले. अशा कार्डाच्या आकर्षणांपैकी एक म्हणजे सर्वसाधारण प्रवाशांच्या आधी चढण्याची मुभा. वर्षातून दोनदा प्रवास करणारा कार्डधारकही मग पुढच्या गटात येतो. अमेरिकन एअरलाइन्सकडे आज नऊ क्रमांकित गट आहेत. डेल्टाने मे २०२४ मध्ये गटांची नावे काढून एक ते आठ असे क्रमांक दिले. पंगतीत मानाचे पान एकदोघांसाठी मांडले तर तो मान. निम्म्या पंगतीला मानाचे पान वाढले, तर ते साधेच पान होते.

भांडण आसनाचे नव्हे, कप्प्याचे

आसन ठरलेले असताना आधी चढण्याची एवढी घाई कशासाठी, याचे उत्तर डोक्यावरील सामानाच्या कप्प्यात आहे.

२००८ मध्ये इंधनाचे दर भडकले असताना अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच चेक-इन बॅगेवर १५ डॉलर शुल्क लावले. इतर मोठ्या कंपन्यांनीही तीच वाट धरली. शुल्क चुकवण्यासाठी प्रवासी चाकांच्या छोट्या बॅगा थेट विमानात नेऊ लागले. सर्वांच्या बॅगा मावतील एवढी जागा जुन्या विमानांत नव्हती. शेवटी चढणाऱ्याची बॅग दारातच काढून घेतली जाऊ लागली आणि उतरल्यावर ती पट्ट्यावरून येण्याची वाट पाहणे नशिबी आले. थोडक्यात, आधी चढणे म्हणजे कप्प्यात जागा मिळणे, असे समीकरण झाले.

युरोपात रायनएअरने हे समीकरण उघडपणे विकायला काढले. नोव्हेंबर २०१८ पासून तिच्या साध्या तिकिटावर आसनाखाली मावेल एवढीच छोटी पिशवी मोफत नेता येते. चाकांची बॅग कप्प्यात ठेवायची तर प्राधान्यक्रम विकत घ्यावा लागतो.

भारतातील परिस्थिती थोडी वेगळी आहे. देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलोपर्यंतचे चेक-इन सामान बहुतेक तिकिटांत समाविष्ट असते आणि हातातील बॅगेची मर्यादा सर्वसाधारणपणे एक नग व ७ किलो आहे. परंतु पट्ट्यावर थांबण्याचा कंटाळा आणि एकदोन दिवसांच्या कामाच्या फेऱ्या, यांमुळे येथेही कप्पे लवकर भरतात. गोव्याहून परतणाऱ्या विमानात काजू, फेणी आणि भेटवस्तूंच्या पिशव्यांची भर पडते, हेही खरे.

कप्पे मोठे करणे हा यावरील थेट उपाय. बोइंगने २०१५ मध्ये असे कप्पे जाहीर केले, ज्यांत बॅगा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवता येतात आणि चारऐवजी सहा मावतात. ज्या विमानांत असे कप्पे आहेत तेथे चढण्याची घाई आपोआप कमी होते. मात्र जुन्या विमानांत ते बसवण्यास खर्च येतो आणि प्राधान्य विकण्यातून उत्पन्न मिळते.

शास्त्र काय सांगते?

विमान जमिनीवर उभे असते तेव्हा ते कमावत नाही. म्हणून विमान भरण्याच्या वेगाचा अभ्यास कंपन्या दीर्घकाळ करत आल्या आहेत. बोइंगच्या अभियंत्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार १९७० पासून प्रवासी चढण्याचा वेग निम्म्याहून अधिक घटला होता आणि काही वेळा तो मिनिटाला अवघ्या नऊ प्रवाशांपर्यंत खाली आला होता. या वेगाने १८० आसनांचे विमान भरण्यास वीस मिनिटे लागतात.

२००३ मध्ये अमेरिका वेस्ट या कंपनीने ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांच्या मदतीने, मागच्या खिडक्यांपासून सुरुवात करून क्रमाक्रमाने पुढे व वाटेकडे येणारी 'उलट्या पिरॅमिड'ची पद्धत वापरात आणली. पुढे जेसन स्टेफन या खगोलभौतिकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे आपली पद्धत प्रसिद्ध केली. खिडकीकडील प्रवासी आधी पाठवायचे, तेही एक ओळ सोडून एक, मागून पुढे. मग मधली आसने आणि शेवटी वाटेकडील. यामुळे प्रत्येकाला बॅग चढवण्यास मोकळी जागा मिळते, अनेक जण एकाच वेळी सामान ठेवू शकतात आणि आत बसलेल्याला पुन्हा उठावे लागत नाही.

ही पद्धत प्रत्यक्षातही तपासली गेली. बारा ओळींच्या, प्रत्येकी सहा आसनांच्या नकली विमानात ७२ जणांना सामानासह चढवण्यात आले. स्टेफनच्या पद्धतीला ३ मिनिटे ३६ सेकंद लागले. खिडकी, मधले, वाटेकडचे या क्रमाला ४ मिनिटे १३ सेकंद. कोणताही क्रम न लावता मन मानेल तसे सोडले तेव्हा ४ मिनिटे ४४ सेकंद. आणि ज्या 'मागच्या ओळी आधी' पद्धतीला सर्वजण शहाणपणाची समजतात, तिला ६ मिनिटे ११ सेकंद. ओळींचे गट पाडून चढवण्याची पद्धत तर ६ मिनिटे ५४ सेकंदांसह सर्वांत संथ ठरली.

कारण सोपे आहे. शेजारच्या ओळींतील सर्व प्रवासी एकाच वेळी सोडले की ते एकाच जागी दाटी करतात. एक जण बॅग चढवतो आणि बाकीचे वाटेत तिष्ठतात. चढण्याचा वेळ चालण्यात जात नाही, सामान ठेवण्यात जातो.

युनायटेडने २६ ऑक्टोबर २०२३ पासून सामान्य वर्गासाठी खिडकी, मधले, वाटेकडचे हा क्रम स्वीकारला आणि त्याने दोन मिनिटांपर्यंत बचत होईल असे सांगितले. पण मानकऱ्यांचे गट त्याआधीच चढलेले असतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची आसने पुढच्या भागात असतात. पुढचे आधी बसवले की मागच्यांना त्यांच्या बॅगा ठेवून होईपर्यंत वाटेत थांबावे लागते. शास्त्र एक सांगते आणि तिकिटाची विक्री दुसरे सांगते. दोन्हींची सांगड पूर्णपणे बसत नाही.

बस, शिडी आणि मागचे दार

भारतीय विमानतळांवर या गोंधळाला आणखी एक वळण मिळते. विमान एरोब्रिजला न लागता दूर उभे असेल तर प्रवाशांना बसने नेले जाते. प्राधान्यक्रमाचा प्रवासी बसमध्ये प्रथम चढतो, आत सरकतो आणि बस थांबल्यावर दाराशी उभे असलेले शेवटचे प्रवासी आधी उतरून शिडी गाठतात. गेटवर मिळालेला मान धावपट्टीच्या कडेला उलटा होतो. प्राधान्याच्या प्रवाशांसाठी स्वतंत्र वाहन दिले तरच हा दोष टळतो.

शिडीने चढताना पुढची व मागची अशी दोन्ही दारे वापरता येतात आणि विमान लवकर भरते. हा शिडीचा एक लाभच. इंडिगोने ऑगस्ट २०२२ मध्ये उतरण्यासाठी तीन ठिकाणी रॅम्प लावण्याची पद्धत जाहीर केली, तीही याच विचाराने. छोट्या मार्गांवरील एटीआर विमानांत तर पुढच्या भागात सामानाचा कक्ष असतो आणि प्रवासी मागच्या दाराने चढतात. बेळगावसारख्या ठिकाणाहून ज्यांनी अशा विमानाने प्रवास केला आहे, त्यांना हा अनुभव असेल. तेथे पहिली ओळ दारापासून सर्वांत दूर पडते आणि 'पुढची आसने म्हणजे सोयीची' हा हिशेबच उलटतो.

दारातील शिस्त

प्रवाशांचा खरा रोष यादीवर जितका, तितकाच ती न पाळण्यावर असतो. तिसऱ्या गटाला बोलावले असता सातव्या गटाचा प्रवासी पुढे आला तर त्याला मागे पाठवण्याचे अप्रिय काम कर्मचाऱ्यांना करावे लागते. विमान वेळेत सोडण्याचा ताण असल्याने बहुतेकदा त्याला तसेच सोडून दिले जाते. गट येण्याआधीच दारात गर्दी करणाऱ्यांना इंग्रजीत 'गेट लाइस', म्हणजे दारावरच्या उवा, असे हिणवले जाते. अमेरिकन एअरलाइन्सने २०२४ मध्ये यावर यांत्रिक उपाय योजला. गटाची पाळी येण्याआधी पास यंत्रापुढे धरला तर विशिष्ट आवाज होतो आणि प्रवाशाला थांबण्यास सांगितले जाते. तीन विमानतळांवरील चाचणीनंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये ही व्यवस्था शंभराहून अधिक विमानतळांवर लागू करण्यात आली.

साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीची कथा बोलकी आहे. १९७१ पासून तिच्या विमानांत आसने ठरलेली नसत. आधी चढेल तो हवे तेथे बसे. आपल्याकडे बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत, त्याचाच हा सुधारित प्रकार म्हणता येईल. कालांतराने तेथेही आधीचा क्रमांक शुल्क घेऊन विकला जाऊ लागला. अखेर २७ जानेवारी २०२६ पासून कंपनीने ठरलेल्या आसनांची पद्धत स्वीकारली.

ज्यांना खरोखर गरज आहे

या साऱ्या रस्सीखेचीत ज्यांच्यासाठी प्राधान्य ही सोय नसून गरज आहे, ते मागे पडण्याचा धोका आहे. २०२४ मध्ये फ्रंटियर या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे तक्रार केली होती की, चढताना चाकाच्या खुर्चीची मागणी करणारे अनेक प्रवासी उतरताना आपल्या पायांनी चालत जातात. काहींच्या बाबतीत त्याला प्रामाणिक कारणही असू शकते. लांबलचक टर्मिनल चालून जाणे अवघड असले तरी विमानातून दारापर्यंत चालणे जमू शकते. पण रांग टाळण्यासाठी खुर्ची मागणाऱ्यांमुळे खऱ्या गरजवंतांना तिष्ठावे लागते, हे नाकारता येत नाही.

याचे गांभीर्य भारतातही दिसले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या एका वृद्ध दांपत्याने दोन चाकाच्या खुर्च्या मागितल्या होत्या. त्या वेळी एकच उपलब्ध झाली. पत्नीला खुर्चीत बसवून ८० वर्षांचे पती चालत निघाले आणि इमिग्रेशन कक्षाजवळ कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. डीजीसीएने संबंधित कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. ही घटना चढण्याच्या रांगेतील नव्हे, उतरल्यानंतरची आहे. मात्र साहाय्याची साधने मर्यादित असतात आणि ती योग्य माणसापर्यंत पोहोचणे हा सौजन्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न ठरू शकतो, हे तिने दाखवून दिले.

प्रवाशाने काय ध्यानात घ्यावे?

शेवटी चढल्याने आसन जात नाही. गेट बंद होण्याची वेळ मात्र पाळावीच लागते; देशांतर्गत उड्डाणांसाठी ती सर्वसाधारणपणे उड्डाणाच्या २५ मिनिटे आधीची असते आणि पासवर छापलेली असते. वेळेत पोहोचलेल्या, निश्चित तिकीट असलेल्या प्रवाशाला जादा आरक्षणामुळे विमान नाकारले गेले, तर डीजीसीएच्या नियमांनुसार तासाभरात पर्यायी विमान न दिल्यास भरपाई देय होते. पर्यायी विमान २४ तासांच्या आत असल्यास मूळ भाडे व इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल १० हजार रुपये. त्याहून उशिराचे असल्यास चौपट, कमाल २० हजार रुपये.

प्राधान्यक्रम विकत घेण्याआधी आपल्याजवळ कप्प्यात ठेवण्याजोगी बॅग आहे काय, हे पाहावे. आसनाखाली मावणारी पिशवी असेल तर आधी चढून केवळ अरुंद आसनात अधिक वेळ बसणे पदरी पडते. मोठी बॅग चेक-इन केलेली असेल तर तेच. कामासाठी फिरणाऱ्या, उतरताच गाडी गाठायची असलेल्या प्रवाशाला मात्र कप्प्यातील जागेचे मोल निश्चित आहे, आणि त्याने श्रेणी वा शुल्क यांच्या बदल्यात मिळालेला शब्द पाळला जावा अशी अपेक्षा करणे रास्तच आहे.

तो शब्द पाळायचा तर कंपन्यांनी मानाची पाने मोजकीच मांडली पाहिजेत, गरजवंतांची रांग विकत घेतलेल्या प्राधान्याच्या रांगेपासून वेगळी ठेवली पाहिजे आणि दारात जाहीर केलेला क्रम दारात पाळला पाहिजे. यांपैकी कशालाही नवे विमान लागत नाही. तोवर घोषणा होताच निम्मे प्रवासी उठून उभे राहणार आणि ज्यांना खरोखर आधी जायचे आहे, त्यांना त्यांच्यामधून वाट काढावी लागणार.